अण्णांची शपथ आणि आमचा कोरस

"…अरे, माझ्याच फोनवरून गेलीय ती तक्रार. बाबांना कळलं ना, तर ते या घरात—"

एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं!

मी बाहेर चपला लावत होते. आता कुणी म्हणेल, चपला लावायला इतका वेळ लागतो का? लागतो. आमच्या बिल्डिंगमधले किस्से मी काही जमवायला जात नाही हो. दार किलकिलं ठेवलं की ते आपणहून येतात आणि ऐसपैस बसतात. इतक्या वर्षांत एवढे साठलेत, की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. बाकीचे सांगताना मी शेवटपर्यंत हसते. त्या नाटकाच्या हंगामातले सांगताना मात्र हसू मध्येच अडकतं.

लिफ्टमध्ये होती पल्लवी, बोलणारी तीच, आणि तिचा नवरा नितीन. आमच्या समोरच्या दारातल्या काळभोर अण्णांची सून आणि मुलगा. तक्रार कसली, आणि अण्णांना कळलं तर काय होणार होतं, हे सांगायचं तर आधी नाटकाचं सांगायला हवं.

* * *

दुसऱ्या मजल्यावर मृणाल भाड्यानं राहायची. वाघोलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. पोर गुणी, पण तिला जुन्या ग्रीक नाटकांचं वेड. सोसायट्यांची एकांकिका स्पर्धा जाहीर झाली आणि सगळ्या बिल्डिंगा विनोदी नाटकांच्या मागे लागल्या. ही म्हणाली, "आपण ग्रीक ट्रॅजेडी करायची!"

माझं शिक्षण दहावी. ग्रीक म्हणजे सिकंदर, त्यापुढे आमची गाडी जात नाही. पण तिनं त्या धर्तीवर स्वतः रचलेली गोष्ट सांगितली आणि अंगावर काटा आला. एका नगरीचं दार रात्री आतून कुणीतरी उघडतं आणि शत्रू आत शिरतो. राजा शपथ घेतो, "ज्यानं दार उघडलं त्याला या नगरीत थारा नाही." आणि प्रेक्षकांना तर पहिल्याच प्रवेशात कळलेलं असतं, दार उघडलं ते राणीनं! बाहेर आपला हरवलेला मुलगा उभा आहे असं वाटून. राजा बिचारा सगळं गाव धुंडाळतो आणि रोज संध्याकाळी तिच्याच शेजारी येऊन बसतो.

मला तिनं कोरसमध्ये घेतलं.

"कोरस म्हणजे काय गं?"

"नगरीतले लोक, काकू. त्यांना सगळं दिसत असतं, सगळ्यांची काळजी असते, सगळ्यावर बोलतात. पण करत काहीच नाहीत."

"म्हणजे शेजारी!"

"तुम्हाला तालमीची गरज नाही," मृणाल म्हणाली.

मी घरी येऊन ह्यांना कौतुकानं सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही. म्हणाले, "निवड योग्य आहे."

* * *

राजा म्हणजे अण्णा. त्यात दुसरं मत नव्हतंच. अण्णा स्वारगेटला एसटीचे कंट्रोलर होते. बायको मागेच गेली, घरात मुलगा आणि सून. मूळचे खराडीचे, तिथं शेतं होती तेव्हाचे. आता त्या शिवारात काचेच्या इमारती झाल्यात आणि पल्लवी तिथंच नाइट शिफ्टला जाते. अण्णा म्हणायचे, "आमच्या आज्यानं जिथं रात्री ऊस राखला, तिथं सून रात्रीचा कॉम्प्युटर राखती. राखण काय सुटत न्हाई बघा!"

निवृत्त झाले, पण कंट्रोलर काही अंगातून गेला नाही. खड्डा दिसला, तक्रार. दिवा लागला नाही, तक्रार. कचऱ्याची गाडी उशिरा आली, तक्रार. केली की विसरायचे आणि पुढच्या तक्रारीला लागायचे. सोसायटीचे चेअरमनही तेच, कारण दुसऱ्या कुणी उभं राहायची हिंमत केली नव्हती.

पहिल्या तालमीला अण्णा पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभे राहिले आणि गच्चीवरची कबुतरं उडाली असा आवाज लावला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! नगरीचे दार आतून उघडले गेले आहे!"

"अण्णा, प्रवासी नाही, प्रजा!"

"प्रवासी काय आन प्रजा काय," अण्णा म्हणाले, "दोघंबी ऐकत न्हाईत."

* * *

राणी झाल्या होत्या तळमजल्यावरच्या नसीमभाभी. त्यांच्या घराण्याचं कॅम्पात तीन पिढ्यांचं शिलाईचं दुकान, आणि भाभींचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, तालमीला खुर्ची टाकून बसायच्या.

एकदा अण्णा रंगात आले होते. राणीच्या खांद्यावर हात ठेवून राजा म्हणतो, "तूच एक आहेस, जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. सांग, कोण असेल तो?" राणी मान खाली घालते. आम्ही कोरसवाल्या एकमेकींकडे बघतो.

आणि अम्मी खुर्चीतून ओरडल्या, "अहो राजे! बाहेर काय शोधताय? घरात बघा की!"

अण्णांनी मुकुट काढला. "अम्मी, मला म्हाइती हाय! राजाला म्हाइती न्हाई!"

मृणाल तर टाळ्या वाजवत उठली. "हेच! हेच पाहिजे मला! राजाला माहीत नाही आणि बघणाऱ्याला माहीत आहे. तो साधं वाक्य बोलतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. प्रत्येक प्रेक्षकाला अम्मींसारखं ओरडावंसं वाटलं पाहिजे!"

"मग त्याला सांगत का नाही कुणी?" अम्मींनी विचारलं.

आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा हसता येत होतं.

* * *

तालमी चालायच्या गच्चीवर. ऊन लागतं म्हणून आम्ही पत्र्याचं शेड टाकून घेतलं होतं. परवानगी वगैरे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

स्पर्धा तोंडावर आलेली. दुपारची तालीम ऐन भरात होती. अण्णा नुकतंच ते शपथेचं वाक्य म्हणून थांबले होते आणि वॉचमन कागद घेऊन वर आला. वॉर्ड ऑफिसची नोटीस. गच्चीवर विनापरवाना शेड असल्याची तक्रार आली आहे. काढा, नाहीतर आम्ही येऊन काढू.

शेड गेलं की नाटक गेलं. दुसरी जागा नव्हती.

अण्णांनी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं. मुकुट डोक्यावर तसाच. मला आधी वाटलं विसरलेत. पण चेहरा बघितला आणि सांगायचं धाडस झालं नाही.

"बाहेरच्याला आपली गच्ची दिसत न्हाई," अण्णा म्हणाले. "ही तक्रार आतूनच गेली. आज सगळ्यांदेखत सांगतो. ज्या घरातनं ही गेली, त्या घरचं पाणी मी जन्मात पिणार न्हाई!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यांना वाटलं, अण्णा अजून राजाच आहेत.

मी हसले नाही. मी समोर राहते, मला अण्णा माहीत आहेत. सख्ख्या भावाशी बांधावरून त्यांचं वाजलं, तेव्हा "ह्याच्याशी बोलणार न्हाई" म्हणाले होते. पुढे तो भाऊ हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता. अण्णा रोज जायचे. खोलीच्या बाहेर बाकावर बसायचे आणि परत यायचे. आत गेले नाहीत. भाऊ गेला तेव्हाही बाकावरच होते. मी विचारलं, "अण्णा, असं कसं हो?" तर म्हणाले, "शब्द गेला होता, वहिनी."

अशा माणसाची शपथ होती ती!

* * *

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मी चपला लावत असताना ते लिफ्टमधलं अर्धं वाक्य कानावर पडलं.

पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही, माझं मीच जुळवलं. पल्लवी रात्रभर काम करते, दुपारी झोपते. अण्णांचा फ्लॅट गच्चीच्या बरोबर खाली आणि तिच्या बेडरूमच्या डोक्यावर आमचा कोरस! एका प्रवेशात आम्ही सातजणी एका तालात पाय आपटायचो. एकदा ती लाल डोळ्यांनी वर आली होती आणि म्हणाली होती, "काकू, तो पाय आपटायचा भाग जरा हळू नाही का होणार?" मृणालनं सांगितलं होतं, तो भाग म्हणजे नियतीची पावलं आहेत, हळू नाही होणार.

म्हणजे तक्रार घरातूनच गेली. अण्णांच्याच घरातून!

लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं पोरीला. अण्णांना कळलं तर ते काय करतील? घर सोडतील. किंवा हीच दोघं सोडतील. शपथ मोडतील, हे तर शक्यच नाही.

मी फक्त नसीमभाभींना सांगितलं. भाभींनी फक्त एकीला सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीही गोष्ट फक्त एकालाच सांगतात. असं प्रत्येकजण करतो. संध्याकाळपर्यंत वॉचमनसकट सगळ्यांना कळलं. राजा सोडून सगळ्या नगरीला!

* * *

अण्णांचा तपास सुरू झाला. एकेका घरी जायचे, सोफ्यावर बसायचे, डोळ्यात डोळे घालून विचारायचे, "तुम्ही केली काय?" उत्तर ऐकायचे, मग थोडा वेळ नुसतं बघायचे. मनाची खात्री पटली की म्हणायचे, "पाणी आणा."

पाणी मागितलं की ते घर सुटलं!

बायकांनी ठेवणीतले ग्लास काढले. कुणी वाळा घातला, कुणी ट्रेवर रुमाल. पहिल्या मजल्यावरचे देशपांडे, जे दारात आलेल्या पोस्टमनलाही पाणी विचारत नाहीत, ते फ्रिजमधली बाटली घेऊन जिन्यात धावत आले, "अण्णा, आमच्याकडचं राहिलंय!"

"तुमच्याकडचं असू द्या," अण्णा म्हणाले. "तुम्ही तक्रार करायची म्हंजे मोबाइलचा डेटा खर्च होणार. तुमच्यावर संशयच न्हाई."

माझ्याकडेही प्यायले. ग्लास देताना मी थोडं पाणी जमिनीवर सांडलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला घाबरताय? तुमच्या पोटात राहिलं असतं तर ना!"

शेवटचं घर झालं आणि अण्णा घरी परतले. आमचं दार उघडं होतं, त्यांचंही. अण्णा खुर्चीत बसले. पल्लवीनं पाणी आणून दिलं. अण्णांनी ते एका दमात संपवलं आणि रिकामा ग्लास तिच्या हातात देत म्हणाले, "सगळी घरं झाली गं पोरी. कुठंच न्हाई."

पल्लवी तो ग्लास धरून उभीच. माझ्याकडे नजर गेली तिची. मी दार लावून घेतलं. मी दार लावून घेतलं हे ऐकून ह्यांनी पेपर खाली ठेवला!

* * *

शेड पाडायला अजून कुणी आलं नव्हतं, म्हणून तालमी चालूच होत्या. पण आता कसल्या तालमी? वाक्यं पाठ, चेहरे पांढरे.

एका दुपारी पल्लवी सगळ्यांसाठी चहा घेऊन वर आली. तीच वेळ आणि तोच प्रवेश. अण्णा शेडच्या मधोमध उभे राहून म्हणत होते, "तो आपल्यातच श्वास घेतो आहे! माझ्या डोळ्यांसमोर वावरतो आहे आणि मला दिसत नाही!" पल्लवी त्यांच्या मागे कपात चहा ओतत होती. किटलीचं तोंड कपावर टकटक वाजत होतं.

आम्ही सातही जणी तिकडे बघत होतो.

"कोरस!" मृणाल कडाडली. "राजाकडे बघा! चहाकडे काय बघताय?"

अण्णा वळले. पल्लवीला बघितलं. आमच्याकडे बघितलं. आता संपलं, म्हणून मी डोळे मिटले.

"सोड गं," अण्णा मृणालला म्हणाले. "चार वाजले. चहाची तलप आलीय बायांना."

चहा झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "मला एक सांग मृणाल, हा राजा एवढा खुळा हाय का? सगळ्या गावाला कळतं आन ह्यालाच कळत न्हाई?"

"खुळा नाही, अण्णा. तो लांब शोधतोय, आणि उत्तर जवळ आहे."

"मला धा मिंटात कळलं असतं. ड्रायव्हरच्या चालीवरनं सांगायचो, आज गाडी कोण ठोकणार."

माझ्या शेजारची कोरसवाली रिकामाच कप पीत राहिली.

* * *

मला राहवलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना पल्लवीला गाठलं.

"झोप होते का गं तुझी?"

"होते की."

"नाही म्हणजे… काही बोलायचं असेल तर बोल हो. मी आहे."

"काकू, तुम्हाला काय कळलंय?"

"मला? मला कुठे काय कळलंय!"

"मग बिल्डिंगमध्ये तुम्ही एकट्याच," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

इकडे नसीमभाभींनी वेगळाच मार्ग काढला. म्हणाल्या, "ताई, मी सांगून टाकते की तक्रार मी केली. पोरीचा संसार आत्ता कुठे सुरू झालाय. अण्णा आमच्या घरचं पाणी पिणार नाहीत, एवढंच ना? नका पिऊ. शिरखुर्म्यात दूध असतं!"

आणि त्या खरंच निघाल्या हो! जिन्यात पल्लवीनं त्यांचा हात धरला. "नको भाभी. प्लीज. तुम्हाला माहीत नाही, तुम्ही काय करताय."

"मला सगळं माहीत आहे, बेटा."

"नाही ना माहीत," पल्लवी म्हणाली.

भाभींनी हे मला सांगितलं, तेव्हा मला वाटलं, पोर घाबरलीये, काहीही बोलतेय.

* * *

नाटकात एक दूत आहे. राजा पार खचलेला असताना तो धावत येतो आणि म्हणतो, "महाराज, आनंदाची बातमी! तुमचा हरवलेला मुलगा जिवंत आहे!" राजा हसतो. प्रेक्षक मात्र हादरतात, कारण मुलगा परत आला की त्या रात्री त्याच्या हाकेला राणीनंच दार उघडलं, हे सगळ्यांना कळणार. मृणाल म्हणायची, "इथे नाटक उलटं फिरतं. दूत चांगलं करायलाच आलेला असतो, बिचारा."

दूत म्हणजे देशपांडे. त्या दिवशी ते उशिरा येणार होते. मृणाल म्हणाली, एन्ट्री सोडून पुढे चला. अण्णा दूताची वाट बघत गच्चीच्या दाराकडे हात करून उभे. आम्ही पाय आपटले. आणि दार उघडलं!

हातात हेल्मेट घेतलेला एक तरुण आत आला. "काळभोर साहेब कोण? वॉर्ड ऑफिसमधून आलोय. चांगली बातमी आहे, साहेब!"

दूताचंच वाक्य हो! पल्लवी चहाची किटली घेऊन कठड्यापाशी उभी होती.

"तुमचं शेड पाडायचं नाही," तो म्हणाला. "तात्पुरत्या परवानगीचा अर्ज तेवढा टाका. अहो, तक्रार तुमच्यावर नव्हतीच! ती समोरच्या बिल्डिंगवर होती. तिथे शेडमध्ये स्पीकर लावून पोरं धिंगाणा घालतात म्हणून. तक्रार करणाऱ्यानं फोटो काढला तुमच्या गच्चीवर उभं राहून, आणि अ‍ॅपनं जागा पकडली तुमची! आज मी फोटो समोर जुळवून बघितला तेव्हा उलगडा झाला."

अण्णा एवढे मोठ्यांदा हसले की खालून कुणीतरी विचारलं, काय झालं. "म्हंजे आपल्यावर कुणी केलीच न्हाई! ऐकलं का वहिनी? आपल्यातलं कुणी न्हाई!"

नसीमभाभींनी देवाचे आभार मानले. मी पल्लवीकडे बघितलं. मला वाटलं तिला हायसं वाटलं असेल. तिचा चेहरा अजूनच उतरलेला.

"पण," अण्णा म्हणाले, "आमच्या गच्चीवर येऊन फोटो कुणी काढला?"

"जाऊ द्या ना बाबा," पल्लवी चटकन म्हणाली. "मिटलं ना आता."

"अण्णा, पुढचा प्रवेश घेऊ या का?" मृणाल.

"जाऊ द्या हो अण्णा," मी. कोरसच ना!

"थांबा जरा. नाव काय तक्रार करणाऱ्याचं?"

"नाव नाही सांगता येत, साहेब. पण माणूस भारी असणार. ती तक्रार आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ झालीये. शेवटी काय लिहिलंय माहितीये? 'आपल्याकडून कार्यवाही न झाल्यास…'"

"'…मी स्वतः शिट्टी घेऊन येईन,'" अण्णा म्हणाले, अगदी हळू, "'आणि एकेकाला फलाटावरून खाली उतरवीन.'"

"हां! हेच!" तो पोरगा खूश झाला. "तुम्हाला कसं माहीत?"

* * *

त्या पोराला काही कळेना, तो हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिला.

पल्लवीच बोलली. "दसऱ्याच्या आधी, बाबा. रविवारी. तुम्ही सांगत होता आणि मी टाइप करत होते. फोटो काढायला तुम्हीच मला वर पाठवलंत."

अण्णांना फोनवर टाइप करता येत नाही. ते सांगणार आणि पल्लवी लिहिणार, ही त्यांच्या घरातली दर रविवारची रीत. समोर राहून मला हे माहीत नव्हतं. त्यांचं दार रविवारी बंद असतं.

"तुला कवा कळलं?"

"नोटीस आली तेव्हा. फोन उघडून बघितला."

"आन तू बोलली न्हाईस? त्या दिवशी बाया चहाकडं न्हाई, तुझ्याकडं वाकड्या नजरेनं बघत हुत्या, तरी?"

"काय बोलणार होते? तुमची शपथ तुम्हालाच परत देऊ?"

अण्णांनी मुकुट काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून गेले.

संध्याकाळी सगळे त्यांच्याकडे जमलो. देशपांड्यांनी मुद्दा काढला, "अण्णा, तांत्रिकदृष्ट्या तक्रार समोरच्यांवर होती. शपथ लागूच होत नाही."

"शपथ घेताना मी टेक्निकल बघितलं होतं का?" अण्णा म्हणाले.

नितीननं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अण्णांनी तो हातानं बाजूला सारला. भाभींनी विनवलं, मृणाल रडायला लागली. अण्णा गॅलरीत बसून राहिले. हॉस्पिटलात त्या बाकावर बसायचे ना, अगदी तसेच. पल्लवीची शिफ्टची गाडी खाली हॉर्न देत होती. ती दारात जरा थांबली आणि गेली.

* * *

सकाळी आमची बेल वाजली. दारात अण्णा. आंघोळ केलेली, टोपी घातलेली, ओठ सुकलेले.

"वहिनी, पाणी मिळंल का?"

मी आत वळले, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि पल्लवी बाहेर आली. खांद्यावर बॅग, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोळे सुजलेले. तिनं समोर स्वतःच्या घराचं उघडं दार बघितलं. आमच्या दारात उभे असलेले सासरे बघितले.

मग तिनं आमच्या उंबऱ्याशी चपला काढल्या आणि अण्णांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"दोन ग्लास आणा काकू," ती म्हणाली. "फोन माझा होता."

मी ट्रे घेऊन आले, ग्लास अण्णांपुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आधी तिला द्या," म्हणाले. "रातभर जागी हाय."